कॅमेऱ्याला जवळचं दिसत नाही

"उजेड त्या अंगानं नका घेऊ, म्याडम. काच उगं चमकती. इकडून घ्या," काउंटरपलीकडून कुणीतरी म्हणालं आणि सुकेशनीच्या हातातला टॉर्च जागच्या जागी थांबला. तिनं अजून वर पाहिलं नव्हतं. डावा डोळा मिटलेला होता, उजवा एका जुन्या लेन्सच्या मागच्या काचेला लागलेला होता आणि त्या काचेत नुसता पांढरा गोल होता. माणूस नव्हता. पण आवाज ओळखायला माणूस दिसावा लागत नाही. सव्वीस वर्षांत हा आवाज फाटला होता, कडेनं झिजला होता, तरी हुकूम देताना शेवटच्या शब्दावर जरा खाली उतरायची त्याची लकब तशीच होती. इकडून घ्या. बाहेर आणा. तोंडावरचं काढा. तिनं लेन्स फडक्यावर ठेवली, टॉर्च बंद केला आणि मग वर पाहिलं. पांढरा सदरा, खिशाला पेन, गळ्यात रुमाल, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, हातात कातड्याची काळी पिशवी. बन्सीधर फोटोवाला. झरीचा. तो इतका बुटका असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

परभणीत स्टेशन रोडच्या मागच्या अंगाला, एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर, दोन खोल्यांत हरिओमचा धंदा चालायचा. हरिओम पेडगावच्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, पुण्यात इंजिनिअर होऊन तिथली नोकरी सोडून परत आलेला. परदेशातल्या तरुण पोरांना आता पुन्हा रोलचे कॅमेरे हवे आहेत, मोबाइलच्या फोटोंना ती विटली आहेत, असं त्याला तिकडच्या एका मित्रानं सांगितलं होतं. मग सेलू, जिंतूर, वसमत, हिंगोली, जिथं म्हणून एखादा फोटो स्टुडिओ बंद पडला होता तिथं हरिओम गाडी घेऊन जाऊ लागला. रोल टाकायचे, आरशातून बघायचे ते जुने एसएलआर कॅमेरे लोक त्याला भंगारात काढल्यासारखे देत आणि वर चहा पाजत. इथून ते जर्मनीला, जपानला, अमेरिकेला जात. मधलं सगळं सुकेशनी करायची. ती फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. शटर बरोबर वेळेवर पडतं का, आतला काळा स्पंज विरघळलाय का, काचेत बुरशी आहे का, हे बघायचं, फोटो काढायचे, इंग्रजीत दोन परिच्छेद लिहायचे, गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची. तिच्या शब्दावर सात समुद्रांपलीकडचा माणूस वस्तू न बघता पैसे पाठवायचा. तिकडं तिला सुकी म्हणत. डिअर सुकी, उजव्या कोपऱ्यात केसाएवढा ओरखडा दिसतोय, तो ओरखडा आहे की धूळ? आपल्या वस्तूवर केसाएवढा ओरखडा नसावा असं वाटायला माणूस कुठं जन्मावा लागतो, याचा विचार करत ती उत्तर लिहायची, धूळ आहे, आणि दात आवळून खाली आपलं नाव टाकायची.

"ह्यो बगा," बन्सीधरनं पिशवीची चेन ओढली. "निकॉन. एफएम-टू. हैदराबादहून आणलेला. दोन दोन पोरी उजवल्या ह्याच्यावर. पण एक दिस जमिनीवर ठिवला न्हाई ह्याला." कॅमेरा हातात घेताच तिच्या बोटांना कळलं की माणूस खरं बोलतोय आणि बोटांना ते कळावं याचाच तिला राग आला. वर्षानुवर्षं कुणीतरी रोज पुसलेल्या धातूला एक वेगळा गुळगुळीतपणा येतो, तसा तो होता. तिनं शटर दाबून पाहिलं. आवाज कोरडा, स्वच्छ, आखूड. मागचं झाकण उघडलं, आत कण नाही. लेन्स काढली. बन्सीधर तिच्या हातांकडं बघत होता, जसा एखादा माणूस परक्याच्या हातात दिलेल्या तान्ह्या पोराकडं बघतो.

"कुठल्या म्हणायच्या तुमी?"

"झरीच्या."

"आमच्या झरीच्या? कुणाच्या?"

"खिल्लारेंच्या."

"हां," तो म्हणाला. मग काउंटरवर टेकवलेले दोन्ही हात त्यानं उचलून घेतले, घाईनं नाही, सवयीनं. "मग नीट बघ. घाई करू नको."

म्याडम गेलं. तुमी गेलं. चार शब्दांत तो आपल्या जागी जाऊन बसला आणि तिलाही तिच्या जागी बसवून मोकळा झाला. नागनाथ खिल्लारेंची का, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं काय केलं असतं कुणास ठाऊक. कदाचित हो म्हटलं असतं आणि सगळं तिथंच संपलं असतं. तिनं लेन्सची कडी फिरवली. जुन्या लेन्सच्या कडीवर आकडे कोरलेले असतात. समोरची वस्तू किती अंतरावर आहे त्याप्रमाणं कडी फिरवायची. एका टोकाला अंतच नसतो, डोंगर, ढग, चांदण्या. फिरवत दुसऱ्या टोकाला आलं की कडी अडते. तो शेवटचा आकडा. त्याच्या अलीकडचं त्या काचेला स्पष्ट दिसत नाही. कडी अडली. शून्य पूर्णांक पंचेचाळीस मीटर. तिला तो वाचायची गरज नव्हती.

ती आठ वर्षांची होती. तिच्या बापाला, नागनाथला, कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत तो गेला. भीमनगरातल्या त्यांच्या एका खोलीत बाज होती, बाजेवर बाप, आणि भिंतीला टेकून बसलेल्या बायकांच्या मधून वाट काढत ती सारखी बाजेपाशी जात होती, कारण बापाच्या पायाचा अंगठा पांढऱ्या कपड्यातून बाहेर आला होता आणि तो कुणी झाकत नव्हतं. बौद्धाचार्य यायचे होते, त्रिशरण व्हायचं होतं. त्याच्या आधी फोटो. बापाचा एकही फोटो नव्हता. लग्नात काढला नव्हता, कुठल्या कागदावर लागला नव्हता. म्हणून मायनं स्वतः माणूस पाठवून बन्सीधरला बोलावलं होतं. तो फटफटीवर आला आणि नालीच्या पलीकडं रस्त्यावर थांबला. कुणीतरी म्हणालं, या आत. तो म्हणाला, "आत उजेड न्हाई. अन् कॅमेऱ्याला इतक्या जवळचं दिसत न्हाई. बाहेर आणा." चौघांनी बाज उचलली. दार अरुंद होतं, बाज तिरकी करावी लागली आणि बाप एका अंगाला घसरला तेव्हा मायच्या तोंडून जो आवाज निघाला तो सुकेशनीनं त्यानंतर कधीच ऐकला नाही. अंगणात आणली. तो म्हणाला, "अजून जरा पुढं." नालीच्या काठापर्यंत आणली. मे महिना होता, बापाच्या मिटल्या डोळ्यांवर ऊन पडलं. तो रस्त्यावर, फटफटीला टेकून. मध्ये नाली. "तोंडावरचं काढा. सरका बाजूला. हां." दोन वेळा आवाज झाला. कोरडा, स्वच्छ, आखूड. मग तो गेला.

तो फोटो आजही त्यांच्या घरी आहे. त्यात निंबाचं झाड पूर्ण आलंय, तिघांच्या पाठी आल्यात, नालीच्या कडेचा एक फुटका माठ इतका स्पष्ट आलाय की त्याची चीर मोजता येते. बाज बारीक. बाजेवर पांढरं काहीतरी. आणि त्या पांढऱ्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं एक पिवळट ठिकाण, तो बापाचा चेहरा. भीमनगरातल्या सगळ्याच घरांत असे फोटो होते. मेलेली माणसं लांबच असतात, मरणं म्हणजे लांब जाऊन बारीक होणं, असं तिला लहानपणी वाटे आणि त्यात तिला काही वावगं वाटत नसे. सातवीत असताना अपेक्षा नावाची मैत्रीण तिला आपल्या घरी घेऊन गेली, गावातल्या बाजूला. तिथं भिंतीवर अपेक्षाच्या आजोबांचा फोटो होता. कपाळावर बुक्का, नाकपुड्यांत कापूस, गालावरच्या पांढऱ्या दाढीचे खुंट सुद्धा दिसत होते. सुकेशनीनं विचारलं, हे जिवंत असताना काढलाय का? अपेक्षा म्हणाली, नाही गं, गेल्यावर, बन्सीधरकाकांनी. तेव्हाही तिला काही कळलं नाही. आत उजेड असेल त्यांच्याकडं, असं तिनं स्वतःला सांगितलं. मायनं तर कधी काही विचारलंच नव्हतं. माय म्हणायची, "बिचारा आला तरी. आपल्याकडं कोण आलं असतं त्याच्याबिगर?"

कळलं ते सहा वर्षांपूर्वी, इथं कामाला लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात. हरिओमनं कडीवरचे आकडे समजावले आणि तो जेवायला गेला. तिनं शेवटचा आकडा वाचला. ड्रॉवरमधून फूटपट्टी काढली, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर कॅमेरा धरला, कडी अडेपर्यंत फिरवली आणि अंतर मोजलं. दीड फूट. कॅलेंडरवरची बारीक अक्षरं काचेत स्वच्छ उभी राहिली. मग तिनं तशाच दुसऱ्या कॅमेऱ्याला लावून पाहिलं, मग तिसऱ्या. दीड फूट. फार तर दोन. खोलीत कुठल्याही कोपऱ्यात उभं राहिलं असतं तरी चेहरा आला असता. उजेडासाठी वर फ्लॅश असतो, तो फटफटीच्या डिकीत असणारच होता. ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. रडू आलं नाही. बाज तिरकी होताना बाप घसरला होता, तेवढंच पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. घरी गेल्यावर तिनं मायला काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती वाट बघत होती. जिल्ह्यातला प्रत्येक जुना कॅमेरा कधी ना कधी या काउंटरवर येतो. हाही येणार होता.

"फंगस आहे," ती म्हणाली.

"काय म्हणलीस?"

"बुरशी. आतल्या काचेला. जाळं धरलंय."

"शक्यच न्हाई," बन्सीधर म्हणाला. "तांदळाच्या डब्यात ठिवत व्हतो मी ह्याला पावसाळाभर. तुला काय कळतं गं? तू जन्मली नसशील तवापासून मी काचा बघायलोय."

"बघा ना मग. तुम्हीच बघा." तिनं टॉर्च लावला आणि लेन्स त्याच्या तोंडासमोर धरली. तो वाकला. चष्मा कपाळावर सरकवला. तिनं त्याचा डोळा पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. बुबुळावर दुधाची साय पसरावी तसा मोतीबिंदू पसरला होता. त्या डोळ्याला बुरशी दिसणार नव्हती, काच दिसणार नव्हती, बहुतेक तीही एक काळी सावली म्हणूनच दिसत असणार. हे तिला कळलं आणि आपल्याला हे कळलं हे त्यालाही कळलं असावं. तो बराच वेळ वाकून राहिला. सबंध पंचक्रोशीला हलू नका, इकडं बघा, हनुवटी वर, असं सांगत हयात काढलेला माणूस.

"दिसतंय का?" तिनं विचारलं.

खाली रिक्षावाल्यांचं काहीतरी चाललं होतं. तो सरळ झाला. चष्मा डोळ्यांवर ओढला.

"दिसतंय," बन्सीधर म्हणाला. "कोपऱ्याला हाय जरासं."

आतल्या खोलीतून ऐकत असलेला हरिओम बाहेर आला; त्यानं जे हातावर ठेवलं ते बन्सीधरनं खिशात घातलं. ज्या किमतीला बिघडलेले कॅमेरे सुट्या भागांसाठी घेतले जातात ती किंमत. दारापर्यंत जाऊन तो परत आला. "पिशवी बी ठिवू का?" त्यानं हरिओमला विचारलं, तिला नाही, आणि ठेवून गेला. जिन्यावर त्याची पावलं एकेका पायरीवर थांबत उतरली. सुकेशनी ती मोजत होती असं नाही, पण ऐकत होती. आता बरं वाटेल, असं तिला वाटलं. सहा वर्षं तिनं या क्षणाला मनात वेगवेगळे कपडे घालून पाहिले होते. पण बरं वाटलं नाही. हरिओम लेन्स उचलून खिडकीपाशी गेला. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं.

"मॅडम, कुठंय फंगस?"

हरिओम तिच्याकडं वळला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. कौतुकाचं. सहा वर्षांत तिनं त्याचं इतकं मनापासूनचं हसू पाहिलं नव्हतं. "तुम्ही तर माझ्या वरताण निघालात," तो म्हणाला. "मला एवढ्या वर्षांत हे सुचलं नाही. असंच करत जा. म्हाताऱ्यांना दिसतं कुठं?"

त्याच दुपारी तिला वर्णन लिहावं लागलं. बुरशी नाही, धुके नाही, ओरखडा नाही, एकाच मालकानं जपलेला. प्रत्येक वाक्य खरं होतं. चार वाजता जर्मनीतल्या कोलोन शहरातून एका माणसाचा निरोप आला. डिअर सुकी, काचेत खरंच बुरशी नाही ना? पूर्वी एकदा फसलो आहे, कृपया प्रामाणिकपणे सांगा. तिनं टॉर्च लावून फोटो काढला, त्याला पाठवला आणि लिहिलं, नाही. आपल्या हातानं आपण दोन माणसांना एकाच काचेबद्दल दोन गोष्टी सांगितल्या आणि दोघांनीही आपल्यावर विश्वास ठेवला, हे तिच्या मनात घुमत राहिलं. एकाला दिसत नव्हतं म्हणून, दुसरा लांब होता म्हणून. आणि मधल्या मध्ये तिचा राग हरिओमच्या पेटीत जाऊन पडला. तिनं सहा वर्षं सांभाळलेला, कुणाला न दाखवलेला, तिचा एकटीचा राग. त्याची युक्ती झाली. उद्या सेलूच्या एखाद्या म्हाताऱ्यासमोर तिला तीच युक्ती करायला सांगतील. संध्याकाळी परभणीतल्या घरी गेली तर माय दारातच. तोंडातून निघून गेलं, "आज बन्सीधर आला होता दुकानात." मायचा चेहरा उजळला. "हाय का अजून? लय थकला असल. चहा पाजलास का त्याला?" सुकेशनीला मायच्या त्या उजळलेल्या चेहऱ्याचा इतका संताप आला की ती चप्पल न काढताच आत गेली.

रविवारी ती जिंतूरच्या बसनं झरीला उतरली. भीमनगराकडं वळली नाही, गावात गेली. बन्सीधरच्या सुनेनं, भक्तीनं, तिला आधी आत बोलावलं, मग कोण, कुठली हे कळल्यावर पाणी मात्र अंगणातच आणून दिलं. म्हातारा पत्र्याच्या सावलीत खुर्चीवर बसला होता. हातात काही नव्हतं. माणसाच्या हाताला एखाद्या वस्तूच्या आकाराची सवय झाली की ती वस्तू गेल्यावरही बोटं तशीच वाकलेली राहतात, तशी त्याची बोटं मांडीवर वाकून पडली होती. तिला दया येईल असं तिला वाटलं आणि आली नाही, याचं तिला समाधान वाटलं.

"तुमच्या कॅमेऱ्यात बुरशी न्हवती," ती उभ्यानंच म्हणाली. दुकानातली भाषा तिच्या तोंडून आपोआप गळून पडली. "मी खोटं बोलले."

तो तिच्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिला. "मला दिसली की."

"तुमाला काईच दिसलं न्हाई."

भक्ती दारात थांबली होती, ती आत सरकली. बन्सीधरचा जबडा हलला. "का केलंस तसं?"

मग तिनं सांगितलं. बाज, दार, नाली, ऊन. कॅमेऱ्याला जवळचं दिसत न्हाई म्हणलात. दीड फुटावरचं दिसतं त्याला. तुमाला ठाऊक व्हतं. आपला आवाज चढेल, कापेल अशी तिला भीती होती. तसं काही झालं नाही. शेजाऱ्याच्या शेळीबद्दल तक्रार करावी तसं ती बोलली. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. आठवायचा प्रयत्न करताना त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि त्या प्रयत्नात खोटेपणा नव्हता.

"कोन नागनाथ?" त्यानं विचारलं.

तिनं पुन्हा सांगितलं. निंबाच्या झाडाचं घर. मायचंही नाव घेतलं, सरजाबाईचा नवरा.

"न्हाई ध्यानात येत," तो म्हणाला. "अन् तुज्या बापाचा येगळा काढला असं न्हाई. तुमच्या तितल्या सगळ्यांचे मी तसेच काढले. एकाचा न्हाई. रस्त्यावरूनच. सगळ्यांना सारखं." हे तो स्वतःच्या बाजूनं सांगत होता. त्याच्या सुरात कुरकुर होती, न्यायाची मागणी होती. आपण कुणावर खास अन्याय केला नाही, हे या मुलीला का कळू नये? "मी निदान येत तरी व्हतो. पूर्णेचा, जिंतूरचा कोन फोटोवाला येत व्हता? घरी गेल्यावर मला आंघोळ करायला लावायचे, तरी येत व्हतो. अन् तू मला फसवतीस व्हय?"

"व्हय," सुकेशनी म्हणाली.

"मी हरिओमच्या बापाला ओळखतो. तुजी नौकरी जाईल."

"जाऊ द्या. तेवढं मी बी सांगते त्याला." ती फाटकाकडं वळली. मागून तो काहीतरी म्हणाला, नंतर पुन्हा मोठ्यानं म्हणाला, की खरी किंमत किती येती ते सांगून जा. तिनं सांगितली. बसस्टँडवर उभी राहिल्यावर मात्र त्याचे दोन शब्द तिच्या डोक्यात फिरू लागले. कोन नागनाथ. इतकी वर्षं ती एका माणसाशी भांडत होती आणि त्या माणसाला भांडण झाल्याचंच माहीत नव्हतं. त्यानं तिच्या बापाचा अपमान केला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त रोजचं काम केलं होतं.

सोमवारी हरिओमला तिनं सरळ सांगितलं की कॅमेरा परत द्या, नाही तर खरी किंमत द्या. हरिओम खोक्याला चिकटपट्टी लावत होता. खोक्यावर कोलोनचा पत्ता. "त्याला विचारलं होतं ना तुम्ही? दिसतंय का म्हणून?" तो म्हणाला. "दिसतंय म्हणाला. मी ऐकलंय. मग विषय संपला." तिनं कारण सांगितलं, थोडक्यात. हरिओमनं मान हलवली, ऐकून घेतल्यासारखी. "वाईट झालं. पण ते तुमचं त्यांचं. धंद्यात आणू नका. आमच्या पेडगावात असं काही नव्हतं बरं का." पेडगावात असं काही नव्हतं हे तो इतक्या सहज म्हणाला की तिला त्या वाक्याला उत्तर देण्याचाही कंटाळा आला. ती आपल्या खुर्चीवर गेली आणि कोलोनच्या माणसाला लिहिलं. कॅमेऱ्यात बुरशी नाही, हे खरं आहे. पण मालकाला बुरशी आहे असं खोटं सांगून तो काढून घेतला आहे. ते खोटं मी सांगितलं. तुम्हाला असा कॅमेरा नको असेल तर आताच सांगा, अजून तो निघालेला नाही. पाठवायचं बटण दाबलं तेव्हा तिला कितीतरी दिवसांनी खोल श्वास घेता आला. तिकडची माणसं अशा बाबतीत फार काटेकोर असतात असं तिनं ऐकलं होतं. केसाएवढा ओरखडा ज्यांना खपत नाही.

उत्तर यायला वीस मिनिटं लागली. डिअर सुकी, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मनापासून आभार. हल्ली असं क्वचित अनुभवायला मिळतं. ही माहिती लक्षात घेता किंमत थोडी कमी करता येईल का?

तिनं ते तीनदा वाचलं. पडदा तसाच हरिओमकडं वळवला. त्यानं वाचलं, एकदा तिच्याकडं बघितलं, मग उभ्या उभ्याच टाइप केलं की करू, आणि आकडा घातला. "बघा," तो रागावला नव्हता, दमला होता, "तुमच्या खरं बोलण्याचा एवढाच उपयोग झाला. उद्यापासून उत्तरं मी देईन. तुम्ही नुसतं तपासायचं." तिनं टॉर्च ड्रॉवरमध्ये ठेवला, फडक्याची घडी केली. "उद्यापासून मी येत नाही," ती म्हणाली. खोकं न्यायला कुरिअरवाला जिना चढत होता, त्याला वाट द्यायला तिला कठड्याला टेकावं लागलं.

घरी नळाला पाणी आलं होतं, दहा दिवसांनी. माय अंगणात पाइप घेऊन ड्रम भरत होती. पाणी तासभरच येतं, थांबून चालत नाही. म्हणून सुकेशनीनं उभ्यानं, पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून, सगळं सांगितलं. लेन्स, आकडा, दीड फूट. अपेक्षाच्या आजोबांचा फोटो. झरी, खुर्ची, कोन नागनाथ. माय पाठमोरी होती. पहिला ड्रम भरला, भरून वाहायला लागला, पाणी फरशीवरून मायच्या पायांवरून दाराबाहेर गेलं आणि दहा दिवसांनी आलेलं ते पाणी मायनं वाहू दिलं.

"तुला कदी कळलं?"

"सहा वर्षं झाली."

"अन् आज सांगतीस." मायनं पाइप उचलला नाही. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. सुकेशनीनं हा चेहरा आधी कधी पाहिला नव्हता. आवळलेला, पोलादासारखा, तिच्यावरही रोखलेला. "सगळ्यांचे तसेच काढले म्हणला?"

"व्हय."

"शेवंताची सासू," माय म्हणाली. "हनुवटीला तीन टिकल्यांचं गोंदण व्हतं तिच्या. धोंडिबाचा लक्ष्मण, हिरीत गेला तो. वरचा दात निम्मा तुटलेला, हसला की तितून जीभ दिसायची. भीमराव तात्या. एक डोळा बारीक, राग आला की अजून बारीक व्हायचा. रुख्मिण. आठ दिसाची बाळंतीण, गालावर खळी, एकाच गालावर." ती बोटं मोडत नव्हती. एकेक नाव तिच्या तोंडातून शिवी निघावी तसं निघत होतं. शेजारची बाई पाण्याचं विचारायला आली आणि न विचारता परत गेली. माय थांबेना. सुकेशनीनं खाली बसून पाइप दुसऱ्या ड्रममध्ये सरकवला. मायनं नाव घेतलेली माणसं तिनं सगळ्या भिंतींवर पाहिली होती, लांब, बारीक, पांढऱ्या कपड्याच्या टोकाला. त्यांतल्या कुणाला दात होते, खळी होती, असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"अन् तुज्या बापाच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस व्हता," माय म्हणाली. "लग्नातपस्नं. मी उपटायची, पुना यायचा."

ड्रमच्या तळाशी पाणी वाजत होतं. "मला कदीच न्हाई सांगितलंस," सुकेशनी म्हणाली.

"फोटो व्हता की भितीवर," माय म्हणाली. "मला वाटलं, त्यात दिसतंय तुला."